सत्तेचाळीस नंबरच्या विहिरीतलं मीठ

सरकारी नोंदवहीत सत्तेचाळीस नंबरच्या विहिरीपुढे ‘पाणी मुळात खारट, पिण्यास अयोग्य’ असं लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे. मजकूर खोटा आहे.

ही विहीर सिल्वाशाहून किलवणीकडे जाताना रस्त्यापासून थोडी आत, एका वारली पाड्याच्या कडेला होती. सारा पाडा त्या एका विहिरीवर जगत होता. पाणी गोड होतं. मी ते प्यायलो आहे, एकदा नाही, पुष्कळदा.

मी सिल्वाशाला आलो ते पंच्याऐंशी साली. त्याआधी तीन वर्षं डहाणूच्या बाजूला किनाऱ्यावरच्या विहिरी मोजत हिंडलो होतो. आमच्या खात्याने तिथे एक तक्ता तयार केला होता. जमिनीवर सांडलेली घाण खालच्या पाण्यापर्यंत किती सहज पोचेल, हे त्यातून काढायचं. पाणी किती खोल आहे, वर माती कसली, खाली खडक कसला, उतार किती, अशा गोष्टींना गुण द्यायचे. गुण जास्त तितका धोका जास्त. मग बेरीज करून नकाशात रंग भरायचा. तांबडा म्हणजे इथे काही सांडू देऊ नका, हिरवा म्हणजे चालेल.

किनाऱ्यावर वाळू दिसली की आम्ही धास्तावायचो आणि चिकणमाती लागली की निर्धास्त व्हायचो. चिकणमाती पाणी अडवते, म्हणून तिला सगळ्यांत कमी गुण. तक्त्यात अगदी शेवटी एक रकाना होता : पाणी आधीपासून खारट आहे काय? ‘होय’ लिहिलं की ती विहीर पिण्याच्या पाण्याच्या यादीतून बाद. किनाऱ्यावर कितीतरी विहिरींत समुद्र शिरलेला होता. ज्या गेल्या त्यांची राखण कशाला करायची, हा त्यामागचा विचार होता आणि तिथे तो बरोबरही होता.

हाच तक्ता आम्ही जसाच्या तसा सिल्वाशाला आणला. करसवलतीमुळे तिथे कारखान्यांची रीघ लागली होती. आज जिथे गवत कापत होते तिथे दोन महिन्यांनी पत्र्याची शेड उभी. या कारखान्यांचं सांडपाणी साठवायला तळी कुठे खणू द्यायची, ते आमच्या नकाशावरून ठरणार होतं. पाऊस सुरू व्हायच्या आत नकाशा द्यायचा होता.

तिथे जिकडेतिकडे काळी चिकणमाती. हिवाळ्यात मी टेबलावर बसून किलवणीकडचा पट्टा हिरव्या पेन्सिलीने भराभर रंगवून टाकला. तक्त्याप्रमाणे तो हिरवाच होता.

विहिरीची पातळी मोजायची तर सकाळी, कोणी पाणी शेंदायच्या आधी मोजावी लागते. पोलादी फितीच्या टोकाला खडू घासायचा, फीत खाली सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजला ते बघायचं. सत्तेचाळीस नंबरच्या विहिरीशेजारी एक पन्नाशीची बाई राहायची. पाड्यावर तिचा शब्द चालत असे. मी पहिल्यांदा फीत सोडली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

“काय सायेब, विहिरीला ताप आला काय?” ती म्हणाली आणि बायका खो खो हसल्या. (तिची वारली बोली वाचताना कळावी म्हणून मी ती मराठीकडे झुकवून लिहितो आहे.)

मी तिला मावशी म्हणू लागलो. मोजणीच्या दिवशी मी येईपर्यंत ती कोणाला दोर टाकू द्यायची नाही. एकदा जीप बिघडली आणि मला पोचायला दहा वाजले. रिकाम्या हंड्यांची रांग लावून सगळ्या बायका सावलीत बसल्या होत्या. एकीचं तान्हं रडून रडून दमलं होतं.

“पानीवाला आला. भरा आता,” मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळून : “तुमची जीप विका नि बैल घ्या.”

मी माफी मागितली तर तिने तांब्या पुढे केला. “पेवा. पानी दावतो आमचा.”

शहाऐंशीच्या मे महिन्यातली गोष्ट. मी फीत गुंडाळत होतो. मावशी तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन शेताच्या कडेला गेली आणि पातेलं उपडं केलं. पाणी पसरलं नाही, ओघळलं नाही. एका भेगेत घुसलं आणि दिसेनासं झालं. मी जवळ गेलो. सबंध शेत भेगाळलेलं होतं. असल्या भेगा मी आधीही बघितल्या असतील, पण त्या मला कधी दिसल्या नव्हत्या.

“किती खोल असेल गं मावशी?”

तिने कुंपणातली एक काठी उपसली आणि भेगेत सोडली. काठी गेली, तिचा हात कोपरापर्यंत गेला, तरी टोक टेकलं नाही. “जेठात आमची जमीन तोंड उघडते,” ती म्हणाली. “बैलाचा पाय जाते. पोरांचा तर बूटच गेला एकदा, आजून तिथंच हाय.”

चिकणमाती पाणी अडवते हे किनाऱ्यावर खरं होतं, कारण तिथली चिकणमाती बारमाही ओली. इथली काळी माती उन्हाळ्यात वीतभर फाटत होती. वर काही ओतलं तर ते मातीतून झिरपणार नव्हतं, भेगेतून सरळ खालच्या फुटक्या खडकात आणि तिथून विहिरीत जाणार होतं. मी हिरवा रंगवलेला पट्टा तांबडा होता. त्याच पट्ट्यात, पाड्याच्या वरच्या अंगाला, एका कारखान्याने तळ्यासाठी जागा मागितलेली होती.

पण काठी भेगेत गेली म्हणून नकाशा बदलत नाहीत. पुरावा लागतो. पुरावा मिळवायची एक पद्धत होती : भेगेत मिठाचं पाणी ओतायचं आणि विहिरीत खारेपणा किती वाढतो ते मीटरवर बघायचं. पिण्याच्या विहिरीजवळ असं काही करायला लेखी परवानगी लागे आणि लोकांना आधी सांगावं लागे. परवानगी येईपर्यंत पाऊस आला असता, भेगा मिटल्या असत्या आणि नकाशाही गेला असता. म्हणून मी कोणाला विचारलं नाही. मावशीलाही नाही. ती नको म्हणेल असं वाटलं.

जीपचा ड्रायव्हर धुळ्याकडचा होता. सिल्वाशात राहून अर्धं गुजराती बोलायचा. रस्त्याच्या कामावर त्याच्या ओळखीचा एक टँकरवाला होता. जाड्या मिठाचं एक पोतं आणि टँकरभर पाणी अशी तयारी त्याने केली. पण पोतं उतरवताना तो थांबला.

“साहेब, लोकांच्या प्यायच्या पाण्यात?”

“विहिरीत नाही टाकत. शेतात टाकतोय.”

“शेतातून विहिरीत जातं का, हेच तर बघायचंय ना तुम्हाला?”

“मीठच आहे,” मी म्हणालो. “विष नाही.”

“चालशे,” तो म्हणाला. पण पोत्याचं तोंड त्याने उघडलं नाही. ते मी उघडलं.

पाड्यावरची माणसं मजुरीला गेली होती. विहिरीपासून तीसेक पावलांवर आम्ही ते सगळं पाणी भेगेत सोडलं. टँकर रिकामा झाला तरी जमीन वर ओलीसुद्धा दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीचं पाणी भांड्यात घेऊन मीटर बुडवला आणि काटा उडाला. पुन्हा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. मला इतका आनंद झाला की मी ड्रायव्हरला मिठी मारली. नकाशा बदलणार होता. तळं दुसरीकडे जाणार होतं. आठवडाभरात सगळं लिहून काढायचं, परवानगी न घेतल्याचंही लिहायचं, असं मी मनाशी ठरवलं.

मावशी हंडा घेऊन आली. तोंड वाकडं केलेलं. “सायेब, पानी कसातरी लागते. काल डाळीत मीठ घालायचा कामच नाय पडला.”

मी हसलो. सांगायची ती वेळ होती. “दोन-चार दिवसांनी ठीक होईल,” एवढंच म्हणालो.

तेवढ्यात रस्त्यावरून दुसरी जीप वळली. आमचे वरचे साहेब आले होते. ते पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्याचा दोष त्यांच्यावर ढकलायची मला बरीच वर्षं सवय होती. न कळवता अचानक येऊन दोन-चार विहिरी स्वतः तपासायची त्यांची पद्धत होती. कचेरीतल्या माझ्या दौऱ्याच्या वहीत त्यांना आज मी कुठे असेन ते दिसलं आणि ते आले.

विहिरीकडे चालता चालता ते म्हणाले, “तुला नोकरीत कायम करण्याची फाईल माझ्याकडे आलीय. या आठवड्यात सही करून पुढे पाठवतो.” मग आवाज खाली आणून : “आणि ऐकलंस का? आपल्याकडच्या एकाला निलंबित केलं. न विचारता विहिरीत रंग टाकून बघत होता. लोक मोर्चा घेऊन आले. अरे, प्यायचं पाणी आहे, प्रयोगशाळा आहे का ती?”

अजूनही वेळ होती. विहिरीपर्यंत शंभर पावलं तरी असतील. प्रत्येक पावलाला मी म्हणत होतो, आता सांगतो.

त्यांनी स्वतःचा मीटर काढला. भांड्यात बुडवला. भुवया वर गेल्या. बोट बुडवून जिभेला लावलं. “खारट आहे की रे हे. किनाऱ्यावरची विहीर वाटावी.”

मी फीत गुंडाळू लागलो.

“असतं असं,” तेच पुढे म्हणाले. “खडकाच्या पोटात कधी कधी जुनं खारं पाणी अडकलेलं असतं. हिवाळ्यात काय आकडा होता?”

“कमी होता,” मी म्हणालो. हे खरं होतं. त्यांनी अजून एक प्रश्न विचारला असता तर सगळं बाहेर आलं असतं.

तेवढ्यात मावशी पुढे झाली. परक्या साहेबासमोरही ती कचरणारी नव्हती. “सायेब, पानी खारा नाय आमचा. कंदीच नव्हता. कालपासून असा झाला. त्या शेतात टँकर रिता केला कोनी, तवापासून. चाकांचा माग हाय, या, दावतो.”

ती वारलीत, भरभर बोलली. साहेबांना अवाक्षर कळलं नाही. ते माझ्याकडे वळले. “काय म्हणतेय ही?”

ड्रायव्हर जीपची काच पुसत होता. त्याचा हात थांबला. मावशी माझ्याकडे बघत होती, मी तिचं म्हणणं नीट पोचवीन अशा भरवशाने.

“म्हणतेय,” मी म्हणालो, “उन्हाळ्यात पाणी उतरलं की दरवर्षी असंच होतं.”

साहेबांनी मान हलवली. मावशीला शुद्ध मराठी बोलता येत नसे, पण कळत होती. तिचा चेहरा बदलला नाही. ती फक्त एक पाऊल मागे सरकली आणि तिने हंडा या कडेवरून त्या कडेवर घेतला.

“मग शेवटचा रकाना भर,” साहेब म्हणाले. “यादीतून काढून टाक. उगाच पट्टा अडवून नको ठेवायला.”

नोंदवही माझ्याच हातात होती. मी लिहिलं. धोका दाखवायला मी जे मीठ ओतलं होतं, त्यानेच विहीर यादीतून बाद झाली. पाडा असलेल्या जागी नकाशावर पिण्याचं पाणीच उरलं नाही, आणि पट्टा हिरवा तो हिरवाच राहिला.

त्या आठवड्यात माझी फाईल पुढे गेली.

मीठ हळूहळू धुऊन निघालं. दिवाळीच्या सुमारास मी एकटा जाऊन मोजलं, तेव्हा आकडा पूर्वीइतकाच खाली होता. पाणी पुन्हा गोड. तो आकडा मी सरकारी वहीत लिहिला नाही, खिशातल्या डायरीत लिहिला. चुकलेली नोंद दुरुस्त करायचा एक साधा अर्ज असे. कारण लिहायचं, सही करायची, संपलं. तो अर्ज माझ्या खणात किती महिने पडून होता ते सांगता येणार नाही. ‘कारण’ या शब्दापुढची जागा कोरी होती.

पुढच्या वर्षी तळं झालं. नकाशा हिरवा असल्याने तळाशी काही अंथरायची अट कोणी घातली नाही. काळ्या मातीचा थर पुरेसा आहे, असा शेरा होता. उन्हाळ्यात तळं निम्मं आटायचं आणि उघड्या पडलेल्या कडांना भेगा जायच्या. मग कारखाना पुन्हा ते भरायचा. मी रस्त्याने जाताना मान दुसरीकडे करायला शिकलो.

नव्वद-एक्याण्णवपासून बातम्या येऊ लागल्या. विहिरीच्या पाण्याला वास येतो, हंड्यात पिवळा थर बसतो, बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात. बायका रांधा गावाच्या बाजूच्या एका हातपंपावर पाण्याला जाऊ लागल्या. जाऊन येऊन निम्मी सकाळ. माझी मधे बदली झाली होती, ती संपवून मी चौऱ्याण्णव साली सिल्वाशाच्या कचेरीत परत आलो. त्याच वर्षी मावशी अर्ज घेऊन आली.

तिच्याबरोबर तिची सून होती. अर्ज तिनेच लिहिला होता, सातवी शिकलेली होती. आमचे नवे साहेब नाशिकचे, वारली बोली समजणारे, तरुण, मन लावून काम करणारे. त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या. मग वही मागवली, पान काढलं आणि म्हणाले, “मावशी, विहीर तळ्यामुळे बिघडली म्हणता, पण इथे तर लिहिलंय की पाणी आधीपासूनच खारट होतं. तळं व्हायच्या आधीची नोंद आहे.”

मावशीने मान वळवली. मी कपाटाजवळ उभा होतो. आठ वर्षांनी मला बघून तिचा चेहरा उजळला. मला ते सहन झालं नाही, पण झालं ते असंच.

“याला विचारा,” ती म्हणाली. “हा पानीवाला. यानं पेला आमचा पानी. याच्यासाठी आमी बायका तानेनं बसलो. सांग रे सायेब, गोड व्हता का नाय?”

साहेबांनी वही माझ्याकडे फिरवली. “तुमचंच अक्षर आहे ना? नोंद बरोबर आहे का?”

या खेपेला भाषेचा आडोसा नव्हता. खोलीतल्या सगळ्यांना सगळं कळत होतं. मी पानाकडे बघितलं. तारीख बरोबर होती. आकडा बरोबर होता, मीटरने दाखवला तोच. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो, की आकडा मी बदललेला नाही.

“हो साहेब,” मी म्हणालो. “नोंद बरोबर आहे.”

साहेबांनी अर्जावर काहीतरी लिहिलं. सुनेने पदर तोंडाला लावला. मावशी उठली. ती रागावली असती, ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“म्हंजे मी खोटी,” ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. दाराशी जाऊन वळली. “त्या दिवशी पन तुमी त्या सायेबाला दुसराच काय तरी सांगला. मी म्हनला, घाबरला असल. पोर हाय.” मी तेव्हा चाळिशीला टेकलेलो होतो.

त्या दोघी बस स्टँडकडे चालत गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. दहा पावलांवर जाऊन गाठता आलं असतं.

मावशीशी माझं त्यानंतर बोलणं झालं नाही. ती वारल्याचं मला निवृत्तीनंतर, तेही त्या ड्रायव्हरकडून कळलं. कारखाना बंद पडला, पण तळं तसंच आहे, हेही त्यानेच सांगितलं. तळं उपसून जागा साफ करावी म्हणून पाड्याने तीनदा मागणी केली. तीनही वेळा उत्तर आलं, की तळ्यामुळे पिण्याच्या पाण्याचं नुकसान झाल्याचं दिसत नाही. आधार माझ्या नोंदीचा.

हे कळल्यावर मी डायरी शोधली आणि वर लिहिलं आहे ते सगळं खात्याला पाठवायला म्हणून कागदावर उतरवलं. आधी ते पाड्यावर घेऊन गेलो. सून आता ग्रामपंचायतीवर आहे. केस पांढरे झालेत, चष्मा लागला आहे. तिने मला बसायला सांगितलं नाही. उभ्या उभ्याच कागद घेतले आणि ओळीखाली बोट फिरवत वाचू लागली. एका ठिकाणी बोट थांबलं. तिथे मी लिहिलं होतं : ‘घाबरल्यामुळे माझ्या तोंडून चुकीचं भाषांतर गेलं.’

“तोंडून गेलं म्हंजे?” ती म्हणाली. “कोन बोललं?”

“मी.”

“मग तसं लिवा.”

मी पेन काढलं. ओळ खोडली आणि वर लिहिलं : ‘मी साहेबांना खोटं सांगितलं.’ तिने ते वाचलं, पान उलटलं, बोट पुन्हा थांबलं. कचेरीतल्या दिवसाबद्दल मी लिहिलं होतं, की मी वस्तुस्थिती स्पष्ट करू शकलो नाही.

ती पान माझ्यापुढे धरून उभी राहिली. मी तीही ओळ खोडली.

शेवटच्या पानापर्यंत असंच चाललं. मग तिने आतून खाट आणवली आणि माझ्यापुढे टाकली. “बसा,” ती म्हणाली. “खाडाखोड नको. नवीन कागदावर परत लिवा सगळं. दोन लिवा. एक आमच्याकडं राहील.”

मी बसलो आणि लिहायला घेतलं.